नातवंडं, नोंदी आणि निळं कार्ड

मेलबर्न किंवा सिडनीतल्या मराठी शाळेत सुटीच्या दिवशी मुलांना बाराखडी शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, वर्ग हातात घेण्याआधी काय करावं लागलं. उत्तर एकच मिळेल : ‘वर्किंग विथ चिल्ड्रन चेक’, म्हणजे मुलांबरोबर काम करण्यासाठीची पडताळणी करून तिचं कार्ड काढावं लागलं. अर्ज भरायचा, पासपोर्ट आणि वाहन परवाना दाखवायचा, फोटो द्यायचा. स्वयंसेवकाला बहुतेक ठिकाणी पैसेही पडत नाहीत. पुण्याहून किंवा नाशिकहून गेलेल्या, सगळे कागद जागच्या जागी असलेल्या माणसाला ही पडताळणी सहसा जड जात नाही. पण त्याच देशात पन्नास हजार वर्षांहून अधिक काळ राहत आलेल्या अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरच्या कुटुंबांचे या एका कार्डापायी महिने जातात, आणि बरेचजण तर अर्जाच्या वाटेलाच जात नाहीत. मग काही राज्यांत आजीला स्वतःच्या नातवाला सांभाळायची परवानगी मिळत नाही, वस्तीवरच्या शाळेला मदतनीस मिळत नाही, आणि पोरांना फुटबॉल शिकवू शकणारा मामा मैदानाबाहेर उभा राहतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. ही पडताळणी सैल करा, असं मूळनिवासी समाजांच्या हितासाठीसुद्धा म्हणता येणार नाही. पण ती ज्या वाटेने केली जाते, ती वाट धोकादायक माणसाला जेवढी अडवते, त्याहून कितीतरी अधिक गरीब, कागद नसलेल्या आणि सरकारी लिफाफ्याला घाबरणाऱ्या माणसाला अडवते. गेल्या काही वर्षांत ऑस्ट्रेलियात यावर जे प्रयत्न झाले, त्यातले काही मोलाचे आहेत, काही अर्धवट राहिले, आणि २०२५ पासून वारं पुन्हा उलट्या दिशेने वाहू लागलं आहे.

पडताळणीची गरज कुठून आली, ते आधी पाहायला हवं. संस्थांमधल्या बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी करणारा रॉयल कमिशन २०१३ मध्ये नेमला गेला आणि डिसेंबर २०१७ मध्ये त्याने अंतिम अहवाल दिला. आठ हजारांहून अधिक लोकांनी आयुक्तांसमोर खासगीत बसून आपली हकीकत सांगितली, आणि त्यांतले सुमारे १४ टक्के मूळनिवासी होते. देशाच्या लोकसंख्येत त्यांचं प्रमाण जेमतेम ३.८ टक्के. मिशनऱ्यांची वसतिगृहं, सरकारी बालगृहं, आईबापांपासून तोडून आणलेल्या मुलांच्या बराकी : या जागांवर कुणाचीही नजर नव्हती, आणि तिथे सर्वाधिक असहाय मुलं मूळनिवासींचीच होती. कडक पडताळणीची सगळ्यात जास्त गरज कुणाच्या लेकरांना आहे, हे या एका आकड्यावरून कळतं. क्वीन्सलँडमध्ये २०१५ साली १२ वर्षांच्या एका मुलीचा खून झाला आणि खुनी निघाला तिचा पालनकर्ता, ज्याच्या घरी सरकारनेच तिला ठेवलं होतं. त्यानंतर तिथल्या फॅमिली अँड चाइल्ड कमिशनने २०१७ मध्ये ब्ल्यू कार्ड व्यवस्थेचा, म्हणजे तिथल्या याच पडताळणीचा, मुळापासून आढावा घेतला. या व्यवस्थेबद्दल लिहिताना त्या मुलीला नजरेआड करता येत नाही.

एकच देश असला तरी व्यवस्था एक नाही. क्वीन्सलँडचं ब्ल्यू कार्ड २००१ पासून आहे आणि ते तीन वर्षं चालतं. नॉर्दर्न टेरिटरीत ओकर कार्ड, दोन वर्षांचं. न्यू साउथ वेल्समध्ये चिल्ड्रन्स गार्डियनच्या कार्यालयाकडून मिळणारी मंजुरी पाच वर्षांची. रॉयल कमिशनने २०१५ मध्येच राष्ट्रव्यापी एकसमान व्यवस्थेची शिफारस केली होती, पण राज्यांनी आपापले कायदे सोडले नाहीत. याचा सगळ्यात विचित्र त्रास मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात दिसतो. पिट्जंटजारा आणि त्यांच्या शेजारच्या समाजांची भूमी वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, साउथ ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी अशा तीन राज्यव्यवस्थांत पसरलेली आहे. एकाच कुटुंबाची घरं तिन्हीकडे असतात. नकाशावरच्या या रेषा त्यांनी आखलेल्या नाहीत, पण तिथल्या मुलांसाठी काम करणाऱ्या बाईला त्या रेषांचा हिशेब ठेवून वेगवेगळे अर्ज करावे लागतात.

आता मुख्य अडचणीकडे येतो : जुन्या नोंदी. साधा पोलीस दाखला आणि ही पडताळणी यांत मोठा फरक आहे. पोलीस दाखल्यात मुदत उलटलेले जुने किरकोळ गुन्हे येत नाहीत. मुलांसाठीच्या पडताळणीत ते येतात, अल्पवयातले येतात, आरोप ठेवून नंतर मागे घेतलेलेही येऊ शकतात. मुलांच्या सुरक्षेसाठी हे असं असणं समजण्यासारखं आहे. पण नोंदी जमल्या कशा, हे पाहिल्याशिवाय त्या वाचता येत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या तुरुंगातला दर तिसरा माणूस मूळनिवासी आहे. क्वीन्सलँडमध्ये १८९७ च्या कायद्याने अ‍ॅबोरिजिनल माणसाचं राहणं, लग्न, मजुरी, सगळं सरकारी ‘संरक्षका’च्या हातात गेलं. ‘त्रासदायक’ ठरलेल्यांना पाम आयलंडवर धाडलं जाई. तो काळ मागे पडला असं म्हणावं, तर याच शतकाच्या सुरुवातीला काही अ‍ॅबोरिजिनल वस्त्यांवर दारूबंदीचे विशेष नियम आले. ब्रिस्बेनमध्ये जी बाटली पिशवीत घालून कुणीही घरी नेतो, ती तिथे जवळ बाळगणं गुन्हा ठरलं. या नियमांमागचा हेतू बायकामुलांना मारहाणीपासून वाचवण्याचा होता, आणि काही वस्त्यांतल्या बायकांनी ते मागूनही घेतले होते, हे खरं. पण त्यातून फक्त याच माणसांच्या नावावर चढणाऱ्या नोंदींची भर पडली. सार्वजनिक जागी नशेत असणं व्हिक्टोरियात नोव्हेंबर २०२३ पर्यंत गुन्हा होता. योर्टा योर्टा समाजाच्या टान्या डे यांना २०१७ मध्ये आगगाडीत झोप लागलेली असताना याच कारणासाठी पकडलं गेलं, कोठडीत त्या पडल्या आणि पुढे मरण पावल्या. त्यांच्या मुलांनी लढा दिला, तेव्हा तो कायदा गेला. शिवाय विनापरवाना गाडी चालवणं : परवाना काढायचं कार्यालय शेकडो किलोमीटर दूर असेल, तर दवाखान्यात न्यायला गाडी काढणारा माणूस कधी ना कधी पकडला जाणारच.

व्हिक्टोरियातलं आणखी एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. तौंगवुरुंग समाजाचे ज्येष्ठ लॅरी वॉल्श लहानगे असताना त्यांना घरातून उचलून नेण्यात आलं. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे मुलाला ताब्यात घेण्याचा तो आदेशच त्यांच्या नावावर गुन्हेगारी नोंद म्हणून चढला. चालायला शिकलेल्या वयात ‘गुन्हा’. असं अनेकांच्या बाबतीत झालं होतं. वुर-डुन्जिन या संस्थेने अशा नोंदींविरुद्ध मोहीम चालवली, वॉल्श यांनी आपली हकीकत जाहीरपणे मांडली, आणि पुढे २०२१ मध्ये व्हिक्टोरियात जुने किरकोळ गुन्हे पुसण्याचा कायदा आला. बाकी सगळ्या राज्यांत असा कायदा आधीपासून होता.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पारधी, भामटा अशा कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला तरी चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर, ही रीत गेली नाही. पारधी तरुणाने नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा अर्ज करताना मनात जे येतं, तेच क्वीन्सलँडमधल्या डूमाजी किंवा मॉर्निंग्टन आयलंडवरच्या अ‍ॅबोरिजिनल तरुणाच्या मनात येतं. आपल्याकडेही २०२० च्या पोक्सो नियमांनी मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या संस्थांना कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी बंधनकारक केली आहे, आणि ते योग्यच आहे. ही पडताळणी आश्रमशाळांपासून बालवाड्यांपर्यंत नेटाने होऊ लागली, की ऑस्ट्रेलियातला हा प्रश्न आपल्याही दारात येईल.

नोंद असली की कार्ड नाकारलं जातं, हा तिथल्या वस्त्यांवरचा सार्वत्रिक समज आहे, आणि तो चुकीचा आहे. न्यू साउथ वेल्समध्ये कायद्याने ठरवून दिलेले ठरावीक गुन्हे किंवा तशाच गंभीर बाबी असतील तरच अर्जदाराची जोखीम तपासली जाते. दारू, शिवीगाळ, परवान्याचे गुन्हे यांचा सहसा प्रश्नच येत नाही. क्वीन्सलँडमध्ये नजर जास्त रुंद आहे, सगळ्या नोंदी पाहिल्या जातात, तरीही बालकांविरुद्धचे लैंगिक गुन्हे किंवा तशाच भयंकर गुन्ह्यांखेरीज आपोआप बाद होणं नाही. ही गोष्ट लोकांपर्यंत पोचवणं हेच निम्मं काम आहे. पण अर्जावरची भाषा नेमकी उलट परिणाम करते. अपात्र व्यक्तीने अर्ज करणं हाच गुन्हा आहे, असा इशारा क्वीन्सलँडच्या अर्जदाराला आधीच दिला जातो. इशारा कायद्याला धरून आहे. पण ‘अपात्र’ म्हणजे नेमकं कोण, हे ज्याला ठाऊक नाही आणि ज्याच्या नावावर १९९० च्या दशकातली एखादी हाणामारी आहे, तो माणूस पेन खाली ठेवतो. नाकारल्या गेलेल्यांची मोजदाद सरकारकडे असते. पेन खाली ठेवणाऱ्यांची कुठेच नसते, आणि माझ्या मते खरं नुकसान तिथे आहे.

ज्याने पेन खाली ठेवलं नाही, त्याला पुढे काय भेटतं? काही महिन्यांनी लिफाफा येतो. आत त्याच्या आयुष्यातल्या आरोपांची यादी असते : तारीख, कोर्ट, कलम, शिक्षा. सुटका झालेले खटलेही त्यात असू शकतात. मग विचारणा : त्या वेळी काय घडलं, कशामुळे घडलं, त्यानंतर तुम्ही काय बदललं, दारू किंवा नशेवर उपचार घेतले का, पुन्हा तशी वेळ आली तर काय कराल. सगळं लेखी आणि मुदतीत. उत्तर आलं नाही तर हाताशी असलेल्या कागदांवरच निर्णय होतो. ऑरुकुनमध्ये लोक घरात विक मुंगकन बोलतात, टोरेस स्ट्रेटमध्ये क्रिऑल. इंग्रजी दुसरी, कधी तिसरी भाषा. ‘आता मी ठीक आहे, पोरांना जपतो’ असं सरळ एका ओळीत लिहिलं, तर तपासणाऱ्याच्या नजरेत या माणसाला स्वतःच्या वागण्याची जाण नाही असं ठरू शकतं. ज्या भांडणाबद्दल विचारलंय त्यातला दुसरा माणूस वारला असेल, तर कितीतरी समाजांत त्याचं नाव उच्चारणंही निषिद्ध असतं. आणि शिफारसपत्र देणाऱ्याला तुमचा जुना गुन्हा ठाऊक असला पाहिजे, नाहीतर त्या पत्राला वजन येत नाही. दोनशे माणसांच्या वस्तीत वडीलधाऱ्या बाईसमोर जाऊन तीस वर्षांपूर्वीची लाज पुन्हा उघडी करायची, आणि मग तिच्याकडे पत्र मागायचं. बरीच माणसं इथे गप्प बसतात. ते गप्प बसणं कार्यालयात ‘प्रतिसाद नाही’ असं नोंदलं जातं.

ओळखपत्रांचा प्रश्न त्याही आधीचा. क्वीन्सलँडमध्ये मूळनिवासींच्या किती जन्मांची नोंदच होत नाही, यावर तिथल्या ओम्बुड्समनला २०१८ मध्ये स्वतंत्र अहवाल काढावा लागला. जन्मदाखला नाही म्हणून परवाना नाही, परवाना नाही म्हणून फोटो असलेलं ओळखपत्र नाही. ब्ल्यू कार्डाच्या अर्जासाठी तर वाहतूक विभागाकडून ग्राहक क्रमांक आणि फोटो लागतो. शाळेत एक स्पेलिंग, दवाखान्यात दुसरं, आजीच्या आडनावाने एक कागद, बापाच्या आडनावाने दुसरा, असा गोंधळ सर्रास. यावर उपाय अवघड नाही आणि तो वापरातही आहे : वस्तीतल्या मान्यवराने किंवा संस्थेने ‘हा माणूस तोच’ अशी लेखी साक्ष द्यायची. बँकांसाठीही ऑस्ट्रेलियात असा मार्ग मान्य झालेला आहे. जिथे अधिकारी स्वतः वस्तीवर येऊन एकाच दिवशी जन्मनोंद, फोटो आणि अर्ज उरकतात, तिथे अर्ज पुढे सरकतात.

सगळ्यात जिव्हारी लागणारी बाब घराची. ऑस्ट्रेलियात कुटुंबापासून दूर, सरकारी देखरेखीखाली राहणाऱ्या दर दहा मुलांमागे चारांहून अधिक मूळनिवासी आहेत. अशा मुलाला आधी नातलगांकडे, मग समाजातल्याच कुटुंबात ठेवावं, हे तत्त्व तिथे कायद्याने मान्य आहे. १९९७ च्या ‘ब्रिंगिंग देम होम’ अहवालाने आणि २००८ मधल्या पंतप्रधानांच्या जाहीर माफीने मूळनिवासी मुलांना घरापासून तोडण्याच्या ज्या पापाची कबुली दिली, ते पुन्हा घडू नये यासाठीच हे तत्त्व. पण क्वीन्सलँडमध्ये नातलग पालनकर्त्याला ब्ल्यू कार्ड आणि घरातल्या प्रत्येक प्रौढालाही ब्ल्यू कार्ड, असा नियम होता. तीन खोल्यांच्या घरात दहाजण राहतात. कुणाचं मरण झालं की नातेवाईक येतात आणि आठवडेच्या आठवडे राहतात. त्यातला नेमका ‘घरातला’ कोण? एका तरण्या मुलाचा अर्ज अडकला की आजीचं सगळं अडकायचं. मग बालक अनोळखी गोऱ्या कुटुंबात, दूरच्या शहरात. ज्या व्यवस्थेने बालकाचं रक्षण करायचं, तिनेच त्याला घरापासून तोडण्याची जुनी वाट पुन्हा रुळवली, हे कुणालाही न कळण्यासारखं नव्हतं.

उपाय म्हणून पुढे आलेल्या कल्पनांत सर्वांत वादग्रस्त ठरली ती आमदार रॉबी कॅटर यांची. त्यांच्या पक्षाने क्वीन्सलँडच्या विधानसभेत तिच्यासाठीचं विधेयक एकाहून अधिक वेळा आणलं. वस्तीतल्या कम्युनिटी जस्टिस ग्रुपच्या शिफारशीवरून, बालकांविरुद्धचे गुन्हे वगळता इतर नोंद असलेल्याला फक्त त्या वस्तीपुरतं मर्यादित कार्ड द्यावं, असा गाभा. ते संमत झालं नाही. मूळनिवासी मुलांसाठी संरक्षणाची पातळी वेगळी, म्हणजे कमी, कशी चालेल, हा विरोधकांचा प्रश्न होता, आणि तो मला रास्त वाटतो. लहान वस्तीत शिफारस करणाऱ्यावर नात्यागोत्याचा दबावही येऊ शकतो. तरी विधेयकातली एक गोष्ट जपण्यासारखी होती : माणूस आज कसा आहे, हे त्याला रोज पाहणाऱ्यांना विचारा. निर्णय त्यांच्या हाती द्यायची गरज नाही. त्यांचं म्हणणं निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर पोचलं पाहिजे.

क्वीन्सलँड सरकारने २०२१ पासून पाच वर्षांची ‘सेफ चिल्ड्रन अँड स्ट्राँग कम्युनिटीज’ योजना आखली, कार्यालयात मूळनिवासी संपर्क अधिकारी आणले, वस्त्यांवर भेटी वाढवल्या. त्याहून मोठा बदल २०२४ च्या कायद्याने झाला. सप्टेंबर २०२५ पासून नातलग पालनकर्ते आणि त्यांच्या घरातले प्रौढ यांना ब्ल्यू कार्डाची अट उरली नाही. त्यांची तपासणी, गुन्हे आणि घरगुती हिंसाचाराच्या नोंदींसह, बालसुरक्षा विभागच करतो. एकाच आजीला दोन खात्यांनी दोनदा तपासायचं थांबलं, हे चांगलं झालं. मला खटकतं ते एवढंच, की ज्या खात्याच्या दारात उभं राहायला ही कुटुंबं पिढ्यान् पिढ्या घाबरतात, सगळा अधिकार आता त्याच खात्याकडे गेला. व्हिक्टोरियाने याबाबत अधिक धाडस दाखवलं. तिथे व्हॅका या अ‍ॅबोरिजिनल संस्थेच्या ‘नुगेल’ कार्यक्रमाकडे काही मुलांच्या संरक्षणाची कायदेशीर जबाबदारीच सोपवली आहे. ज्या संस्थेत आपलीच माणसं आहेत, तिने विचारलेल्या अवघड प्रश्नाला माणूस खरं उत्तर देण्याची शक्यता जास्त.

कार्ड लागतच असेल, तर लागते ती बरोबर बसणारी व्यक्ती. लिफाफा वाचून दाखवणारी, यादीतल्या कोणत्या गोष्टीचा मुलांच्या सुरक्षेशी संबंध आहे हे समजावणारी, तोंडी सांगितलेलं जसंच्या तसं लिहून घेणारी, मुदत वाढवून मागणारी, आणि खरोखर धोका दिसला तर ‘अर्ज करू नका’ असं स्पष्ट सांगणारीसुद्धा. हे शेवटचं कामही मदतीचाच भाग आहे. आज हे सगळं आरोग्य केंद्रातली नर्स, शाळेची कारकून, कायदा सेवेतला एखादा तरुण वकील आपापलं काम सांभाळून करतात.

आणि मग आलं २०२५. आदल्याच वर्षी ब्रिस्बेनमध्ये पाळणाघरातल्या एका माजी कर्मचाऱ्याने बाल लैंगिक अत्याचाराचे ३०७ गुन्हे कबूल केले आणि त्याला जन्मठेप झाली. जुलै २०२५ मध्ये मेलबर्नच्या एका पाळणाघर कर्मचाऱ्यावरचे सत्तरहून अधिक आरोप जाहीर झाले, आणि सुमारे बाराशे मुलांच्या पालकांना तपासण्या करून घ्यायला सांगण्यात आलं. दोघांकडेही वैध कार्डं होती. कारण उघड आहे : पकडला न गेलेल्या माणसाची नोंद नसते. पडताळणी भूतकाळ वाचते, आणि भूतकाळ ज्यांचा जास्त नोंदला गेला त्यांनाच ती जास्त अडवते. त्या प्रकरणांतून शिकायचं ते पाळणाघरातल्या रोजच्या देखरेखीबद्दल, एकट्याने मुलांजवळ न राहू देण्याबद्दल, तक्रारींची देवाणघेवाण करण्याबद्दल. काही राज्यांनी ते केलंही. पण सर्वांत वेगाने झालं ते कार्डाचे नियम आवळणं. ऑगस्ट २०२५ मध्ये सगळ्या राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलांनी ठरवलं, की एका राज्यात बंदी म्हणजे सगळ्या देशात बंदी.

धोकादायक माणसाने सीमा ओलांडून पुन्हा मुलांत शिरू नये यासाठी हे हवंच होतं. दहा वर्षं उशिराच झालं. पण पिट्जंटजारा भूमीवरच्या बाईसाठी याचा अर्थ असा, की एका राज्यात उत्तर न देता आल्यामुळे आलेला नकार आता तिन्हीकडे तिच्या मागे येईल. क्वीन्सलँडमध्ये नकाराविरुद्ध न्यायाधिकरणाकडे जायला २८ दिवस मिळतात. पावसाळ्यात रस्ते पाण्याखाली गेले की केप यॉर्कच्या कितीतरी वस्त्यांत टपाल आणि वकील दोन्ही विमानानेच पोचतात. नव्या राष्ट्रीय व्यवस्थेसाठी जो पैसा बाजूला ठेवला जाईल, त्यातला काही भाग संगणकांच्या जोडणीबरोबरच अर्जदाराशेजारी बसणाऱ्या माणसाच्या पगारासाठी, आणि तो माणूस त्याच वस्तीतला असावा यासाठी, राखून ठेवायला हवा. मूळनिवासींच्या बालकल्याण संस्था हे अनेक वर्षं मागत आहेत.